मोठी मोटर घेण्याआधी फिल्टर पाहा : कमी खर्चातला गेमिंग संगणक

निफाडचे नाव दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते ते थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली घसरला, की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि त्यांची छायाचित्रे छापून येतात. हेच निफाड एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकते. या दोन टोकांचा त्रास द्राक्षवेलींना होतो हे तालुक्यात कोणाला सांगायला नको. पण घराच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या संगणकालाही तो होतो, हे सहसा लक्षात येत नाही.

समजा, मका-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर दिवाळीत एका घरात संगणक घेतला. मुलाचा अभ्यास, घरातली ऑनलाइन कामे आणि खरे सांगायचे तर मुलाचे गेम, असे तिहेरी कारण. जानेवारीत गेम लोण्यासारखा चालला. मे महिन्यात तोच गेम, त्याच संगणकावर, अर्ध्या तासात अडखळू लागला. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे घ्यावे लागेल.’ वडिलांच्या मनात येते, सहा महिन्यांत जुने कसे झाले?

वडिलांची शंका रास्त आहे. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान, अधिक काम करताना चिप जेवढी तापते ती वाढ. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर ही वाढ जवळजवळ सारखीच राहते. ती ५५ अंश धरली, तर १२ अंशांच्या खोलीत चिप ६७ अंशांवर असते आणि ४० अंशांच्या खोलीत ९५ अंशांवर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. त्या घरातले कार्ड बिघडलेले नाही. त्याला ऊन लागले आहे. नव्या कार्डाने हा प्रश्न सुटेलच असे नाही. नवे कार्ड अधिक वीज खाणारे असेल तर तो वाढेलही.

मर्यादित पैशांत गेमिंगसाठी संगणक घ्यायचा किंवा असलेला सुधारायचा, तर सर्वांत महागडा भाग कोणता घ्यावा यापेक्षा कोणता भाग बाकीच्यांना अडवतो आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. शेवटच्या वेलीला पाणी पोहोचत नाही म्हणून कोणी सरळ मोठी मोटर आणत नाही. आधी फिल्टर तुंबला आहे का ते पाहतो, मग लॅटरल, मग ड्रिपर.

एका चित्राला सोळा मिलिसेकंद

पडद्यावर हलताना दिसणारा गेम म्हणजे एकामागून एक झरझर बदलणारी स्थिर चित्रे. एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ७.

एवढ्या वेळात दोन मोठी कामे होतात. खेळाडूने कोणते बटण दाबले, समोरचा कुठे वळला, गाडी भिंतीला धडकली का, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगवायचे काम ग्राफिक्स कार्डाचे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग दर फ्रेमला ठरवावा लागतो.

ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याचा हिशेब मांडतो. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर एक जण कांदा निवडतो आणि दुसरा गोणी भरतो, तसेच हे. दोघांपैकी जो सावकाश, त्याच्या वेगाने गाडी भरते.

आकड्यांत पाहू. एखाद्या गेमच्या एका फ्रेमला प्रोसेसर १० मिलिसेकंद घेतो आणि कार्ड २५. कार्ड सावकाश असल्याने सेकंदाला ४० फ्रेम मिळतील. दुप्पट वेगाचे कार्ड घेतले तर त्याचा वेळ १२.५ वर येईल आणि फ्रेम ८० होतील. पैसे सत्कारणी लागले. आता हुरूप येऊन त्याच्याही दुप्पट वेगाचे कार्ड आणले, तर कार्ड ६.२५ मिलिसेकंदांत काम संपवेल. पण प्रोसेसरला १० लागतातच, म्हणून फ्रेम १०० वर अडकतील. १६० होणार नाहीत. कार्ड उरलेला वेळ रिकामे बसेल आणि त्या रिकामपणाचे पैसे आपण मोजलेले असतील.

समतोल संगणक म्हणजे ज्यात कोणताच मोठा भाग फार वेळ रिकामा बसत नाही तो. ही दृष्टी महाराष्ट्रात नवी नाही. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यात एकच अवाढव्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपा एकमेकींना जोडून एकाच वेळी कामाला लावल्या होत्या. शेजारच्या चिपेशी बोलायची सोय ट्रान्सप्युटरमध्ये जन्मजातच होती. चिप कितीही वेगवान असली, तरी तिला माहिती वेळेवर मिळाली नाही तर ती वाट पाहत बसते. महासंगणकाला लागू असलेले हे सत्य घरच्या संगणकालाही तितकेच लागू आहे.

शंभर रुपयांतले कोणाला किती?

खरेदीची सुरुवात पडद्यापासून करावी. मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच बदलणारा, म्हणजे ६० हर्ट्झचा असेल, तर संगणकाने १५० फ्रेम तयार केल्या तरी डोळ्यांपर्यंत ६०च्या वेगानेच चित्रे पोहोचतात. ठिपक्यांचेही तसेच. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. तेवढे रंगवायला तेवढेच दणकट कार्ड लागते. मर्यादित खर्चात फुल एचडी पडदा शहाणपणाचा. शक्य असल्यास तो १०० हर्ट्झच्या पुढचा घ्यावा.

त्यानंतर मुलगा खेळणार काय ते विचारावे. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ यांसारख्या चुरशीच्या खेळांत चित्रे तुलनेने साधी असतात आणि फ्रेम मात्र भरपूर लागतात. तिथे प्रोसेसरला महत्त्व अधिक. मोठमोठी शहरे, जंगले, पाण्यातली प्रतिबिंबे दाखवणाऱ्या कथाप्रधान खेळांत भार कार्डावर पडतो, पण तिथे ६० फ्रेमही पुष्कळ होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा पुराणकथांवर बेतलेला खेळ या दुसऱ्या जातीचा. तो निवांत पाहत, रस घेत खेळायचा आहे. त्यासाठी १४४ फ्रेमचा अट्टहास कशाला?

रॅमचे आणि कार्डांचे भाव महिन्यागणिक वरखाली होतात. म्हणून रुपयांऐवजी वाटा सांगणे बरे. मॉनिटर सोडून डब्यावर शंभर रुपये खर्च करायचे असतील, तर साधारण ठोकताळा असा : कार्डाला ३८, प्रोसेसरला १९, मदरबोर्डला १२, रॅमला ११, एसएसडीला ८, वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेट व पंख्यांना ५. बाजारभावाप्रमाणे यात दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. पण कोणी तुम्हाला कार्डावर ६० घालायला सांगून एसएमपीएससाठी २ ठेवत असेल, तर हात आखडता घ्या.

रॅमच्या बाबतीत एक गोष्ट दुकानात हमखास विसरली जाते. १६ जीबी रॅम घ्यायची असेल तर १६ची एक पट्टी न घेता ८च्या दोन घ्याव्यात. नेहमीच्या मदरबोर्डवर प्रोसेसर आणि रॅम यांच्यात दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट ओस पडते. डीडीआर४ प्रकारातल्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, दोन पट्ट्यांतून ५१.२. वेगळे कार्ड परवडत नसेल आणि प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर भागवायचे असेल, तर हा फरक फारच जाणवतो. कारण तेव्हा चित्र रंगवणाराही याच रॅमवर जगत असतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कबद्दलही हेच. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे साठातल्या एका फ्रेमचा अर्धा वेळ केवळ एका फेरीत जातो. गेमला नवा रस्ता, नवे झाड मध्येच लागले आणि ते डिस्कवर शोधावे लागले, की चित्र थबकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणे जवळजवळ संपते. जुन्या संगणकात एसएसडी टाकली, की नवा घेतल्यासारखे वाटते ते याचमुळे.

आधी परीक्षण, मग खत

द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण करून घेतात. पानाच्या देठात कोणते अन्नद्रव्य कमी आहे ते कळल्यावर मात्रा ठरते. पालाश कमी असताना नत्र ओतून उपयोग होत नाही. संगणकाचे देठ परीक्षण तर फुकटात होते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. गेम चालू ठेवून त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर पाहावे. ग्राफिक्सचा म्हणजे जीपीयूचा आकडा ९५ ते १०० टक्क्यांवर असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने राबते आहे. जास्त फ्रेम हव्या असतील तर मर्यादा कार्डाची. हा आकडा ६० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी असतील, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहते आहे. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्क सतत शंभरावर, असे दिसले तर रॅम अपुरी पडते आहे.

दुसरी चाचणी याहून सोपी. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, तात्पुरती कमी करा. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर कार्ड दोषी नाही. प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता यांच्याकडे वळा. दहा मिनिटांची ही चाचणी कित्येक हजार रुपयांची चुकीची खरेदी वाचवू शकते.

काही अडथळे तर निव्वळ विसरभोळेपणाचे असतात. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते आणि महागडे कार्ड मागे बेकार बसलेले असते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६०वरच राहिलेला असतो. रॅमची पट्टी ३२०० वेगाची असून बायोसमध्ये तिचा वेग चालू केलेला नसतो, म्हणून ती सावकाश चालते. या तिन्ही गोष्टींना खर्च शून्य.

फ्रेमची सरासरी पाहून फसू नये, हेही इथेच सांगायला हवे. स्टँडवर तासाला सहा एसटी गाड्या येतात असे वेळापत्रकात लिहिले आहे. पण सहाही एकापाठोपाठ आल्या आणि मग पन्नास मिनिटे एकही नाही, तर प्रवाशाला सरासरीचा काय उपयोग? गेममध्येही सरासरी ८० असून मध्येच २० फ्रेमवर आदळणारा संगणक त्रासदायक वाटतो. सतत ६० देणारा सुखाचा वाटतो. अशा आदळण्यामागे बहुतेक वेळा अपुरी रॅम, फिरती डिस्क किंवा तापलेली चिप असते.

कार्डाची मर्यादा सिद्ध झाली तरी लगेच दुकान गाठायची गरज नाही. सावल्या, प्रतिबिंबे आणि धूर या तीन सेटिंग एकेक पायरी खाली आणल्या, की भार बराच उतरतो आणि खेळण्याच्या भरात फरक फारसा जाणवत नाही. चित्र कमी ठिपक्यांत रंगवून हुशारीने मोठे करण्याची सोय आता बऱ्याच खेळांत असते. एएमडीची एफएसआर आणि एनव्हिडियाची डीएलएसएस ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

ऊन, धूळ आणि गंधक

आता मे महिन्याकडे परत येऊ. चिपमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आणि ही वीज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्याने वाढते. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले, तर ०.९चा घन, म्हणजे सुमारे ७३ टक्के वीज पुरते. दहा टक्के वेग सोडून पाव भागाहून अधिक उष्णता वाचते. उन्हाळ्यात गेमला ६० फ्रेमची मर्यादा घालणे किंवा कार्डाची वीजमर्यादा थोडी उतरवणे, याचा फायदा यामुळेच मोठा दिसतो.

हवेला वाट हवी. कॅबिनेटच्या पुढून गार हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर, एवढी सोय दोन पंख्यांत होते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवला, की तीच गरम हवा आत फिरत राहते. दोन-तीन महिन्यांतून एकदा संगणक बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. संगणक दोन-तीन वर्षांचा झाला असेल, तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी. तिचा खर्च काही शे रुपयांचा असतो.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. भुरी रोगावर आपल्याकडे गंधक सर्रास वापरले जाते. गंधकाचे आणि चांदी-तांब्याचे वैर जुने आहे. देवाची चांदीची भांडी काळी पडतात ती गंधकाच्या संयुगांमुळेच. संगणकाच्या पट्ट्यांवरचे बारीक जोड तांब्याचे असतात, काही भागांत चांदीही असते. दमट हवेत गंधकाचा अंश असला, की हे जोड हळूहळू खराब होतात. म्हणून औषधांच्या पिशव्या ठेवायच्या खोलीत संगणक कधीही ठेवू नये. माणसाच्या फुप्फुसांसाठीही तो नियम चांगलाच.

वीज : न दिसणारा भाग

संध्याकाळी मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की वस्तीवरचे दिवे मंद होतात. संगणकाला मात्र ठरावीक वीज हवीच असते. दाब कमी झाला की एसएमपीएस अधिक प्रवाह ओढून तूट भरून काढतो. ३०० वॅटसाठी २३० व्होल्टला १.३ अँपिअर पुरतात, १६० व्होल्टला जवळपास १.९ लागतात. प्रवाह वाढला की एसएमपीएस अधिक तापतो. स्वस्तातला एसएमपीएस अशा वेळी बंद पडतो आणि कधी जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. डब्यावर ‘८० प्लस’चे चिन्ह असलेला, गरजेपेक्षा थोडा मोठा एसएमपीएस घ्यावा असे जाणकार सांगतात, ते यासाठी. त्यावर लिहिलेला व्होल्टेजचा पल्लाही वाचून घ्यावा. जितका खालच्या व्होल्टेजपासून तो चालतो, तितका आपल्या भागासाठी बरा.

यूपीएसच्या आकड्यातही गफलत होते. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. कार्डासह गेम चालू असताना संगणक आणि मॉनिटर मिळून तेवढ्याच्या आसपास जातात, आणि वीज गेल्या क्षणी यूपीएसही मान टाकतो. यूपीएस पुढचा डाव खेळण्यासाठी नसतो. तो पाच मिनिटांत काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे आजच पाहा. येत असतील तर घराचे अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांना जमिनीची वाट मिळाली नाही, तर कॅबिनेटचा पत्रा मुख्य विजेच्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जातो. प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरोखर वायर तुटून पत्र्याला टेकली, तर वीज जायला माणसाखेरीज वाट उरणार नाही. नव्या कार्डाच्या आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग करून घ्या आणि मीटरजवळ गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी बसवा. वळवाच्या आणि अवकाळीच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या, की संगणकाच्या प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढून ठेवा. दोन्ही वाटांनी तडाखा येऊ शकतो.

वीजबिलाचाही हिशेब घरात मांडावा. संगणक आणि मॉनिटर मिळून ३३० वॅट धरले आणि रोज चार तास खेळ धरला, तर महिन्याला चाळीसेक युनिट होतात. घरगुती बिलात शंभर युनिटांनंतर दर वाढतो, तेव्हा हे चाळीस युनिट बहुधा महागड्या टप्प्यातच पडतात.

दोष नेटचा की संगणकाचा?

‘लॅग होतोय’ या एका शब्दात दोन वेगळे आजार दडलेले असतात. चित्रच अडखळत असेल तर दोष संगणकात. चित्र गुळगुळीत हलते, पण गोळी मारल्यावर परिणाम उशिरा दिसतो, समोरचा खेळाडू इथून तिथे उडी मारल्यासारखा दिसतो, तर दोष नेटचा. त्यावर कोणतेही कार्ड औषध नाही.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अनेक लोकप्रिय खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. निफाड-मुंबई जाऊन-येऊन प्रकाशाला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. बाकीचा उशीर बहुतेक वेळा वाटेतल्या यंत्रांत, आणि पुष्कळदा आपल्याच घरात, होतो. राउटर दोन भिंतींपलीकडे असतो, त्याच वेळी कोणी व्हिडिओ पाहत असते, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू असते. राउटरपासून संगणकापर्यंत साधी नेटवर्क केबल टाकली, तरी बराच फरक पडतो.

खेळणाऱ्याचेही यंत्र आहे

संगणकाचा समतोल साधला आणि खेळणाऱ्याचा ढळला, तर काय मिळवले? ३०० वॅटचा संगणक खोलीत जेवढी उष्णता सोडतो, तेवढी स्वस्थ बसलेली तीन माणसे मिळून सोडतात. मे महिन्यात बंद खोलीत चार तास बसलेल्या मुलाला डोकेदुखी झाली, तर त्यात नवल नाही. खिडकी उघडी, पंखा चालू आणि पाण्याची बाटली शेजारी, एवढे तरी हवेच.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, पाठीला टेकू असावा आणि पाय जमिनीला टेकावेत. वाढत्या वयातल्या मुलांनी रोज दोनेक तास उजेडात, घराबाहेर घालवले तर चष्म्याचा, म्हणजे जवळच्या दृष्टीचा, धोका कमी होतो असे अभ्यासांतून दिसले आहे. हेडफोनच्या बाबतीत मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज त्याहून वाढवला तर तास झपाट्याने कमी करावे लागतात.

याच संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. रोज खेळणारा प्रत्येक मुलगा त्यात बसत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली आणि शिक्षण, घर, नाती यांवर त्यांचा ठळक परिणाम झाला, तर डॉक्टर तसे निदान करतात. घरात पाहायचे ते झोप, जेवण, शाळा आणि मित्र. या चार गोष्टी जागेवर असतील तर खेळाला उगाच आजार म्हणू नये. त्या सुटू लागल्या तर संगणकाच्या वेगाची चर्चा थांबवून मुलाशी बोलावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांची मदत घ्यावी.

आता त्या घरातल्या वडिलांनी काय करावे? या रविवारी मुलाला बरोबर घेऊन कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा आणि धूळ काढावी. वायर, हर्ट्झ आणि रॅमचा वेग तपासावा. गेमला ६० फ्रेमची मर्यादा घालावी. मग दुपारी, ऐन उन्हात, टास्क मॅनेजर उघडून तासभर गेम चालवावा आणि आकडे वहीत लिहून काढावेत. एवढे करून कार्ड शंभर टक्क्यांवर आणि फ्रेम तरीही कमी, असे दिसले, तर पोराचे म्हणणे खरे. मग ती वही घेऊनच दोघांनी नाशिकच्या दुकानात जावे. कोणता भाग हवा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही, त्यांनाच त्याला सांगता येईल.